टेबलाजवळचा बेड

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये एका संस्थेची माणसं आली होती, घरातले बंद पडलेले फोन, चार्जर, रिमोट असलं सगळं गोळा करायला. माझ्या सुनेने दोन चार्जर आणि एक जळलेली इस्त्री पिशवीत टाकली. मग टीव्हीखालच्या खणातून तो काळा फोन काढून विचारलं, "आई, हा पण देऊ ना? बंदच आहे."

"त्याला हात लावू नको," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण पोरगी दचकली. मग मलाच कसंतरी झालं. तिचा काय दोष? ती या घरात आली तेव्हा सिस्टर जाऊन वर्ष झालं होतं. तिला बसवून सांगायला लागले, तर दोनदा चहा झाला तरी सांगणं संपेना. शेवटी तीच म्हणाली, "आई, लिहून काढा हे. बोलताय तसंच लिहा." म्हणून लिहिते आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं जे काही येतं ते स्वतःच्या हौसेने. वेडंवाकडं असेल तर चालवून घ्या.

घाटकोपरला पंतनगरात आमच्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. एक आमचं, एक गायकवाडांचं. शालिनी गायकवाड हे तिचं नाव फक्त लाइटबिलावर. बाकी अख्ख्या बिल्डिंगची ती सिस्टर. महापालिकेच्या हॉस्पिटलात आयुष्य गेलं, शेवटची बरीच वर्षं बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज होती. मूळची लातूरकडची, मी कणकवलीची. ती चिडली की "काय करायलास रे?" वर जायची आणि मी चिडले की "मेल्या" वर. एरवी दोघींची मुंबईची मिसळ. मी तिला सिस्टर म्हणायचे आणि अगंतुगंही करायचे. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची, आम्हाला कधी वाटली नाही.

तिची एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची. लोकांना वाटायचं माया करतेय. माया कसली, नाडी बघायची. "तुझी पळतेय आज. जिना धावत चढलीस ना?" आणि खरंच चढलेली असायचे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनने एकदा पाणी येणार, येणार म्हणून तिला थाप मारली. हिने मनगट धरलं आणि म्हणाली, "साहेब, तुमची नाडी काही वेगळंच सांगतेय." त्यानंतर तो तिच्याशी बोलताना दोन्ही हात मागे बांधून उभा राहायचा.

तो काळा फोन तिला रिटायरमेंटला वॉर्डातल्या पोरींनी दिला. तेव्हा तो नवाकोरा, झकास. जाड, खाली मधोमध दाबायचं एक बटण, आणि बाकी सगळी काच. आम्हा दोघींकडे तोवर बटणांचे फोन. मग दुपारी कामं आटपली की गॅलरीत बसून आम्ही दोघी त्या काचेवर बोटं फिरवायला शिकलो. मी भित्री. माझ्या बोटाने काही उघडलं की मी फोन तिच्या मांडीवर टाकायचे. ती शांत. "घाबरतेस कशाला, पेशंट आहे, चावत नाही."

आठवड्याभरात तिने त्या फोनचा वॉर्ड करून टाकला. हे मी गमतीने म्हणत नाही, ती खरंच तसं म्हणायची. काचेवर जी चौकोनी चित्रं असतात ना, फोनचं, कॅमेऱ्याचं, घड्याळाचं, ते तिचे बेड. आणि बेड कुठे कुणाचा ते ठरवणार ती. नियम एकच, हॉस्पिटलातला. जो सिरियस, त्याचा बेड सिस्टरच्या टेबलाजवळ. म्हणजे नजर नको हलवायला, हात नको लांब करायला. फोनमध्ये टेबल म्हणजे तिचा उजवा अंगठा. तो जिथे आपोआप टेकतो त्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मिलिंद. मिलिंद तिचा मुलगा, पुण्याला कम्प्युटरच्या कंपनीत. त्याचा फोटो दाबला की थेट त्यालाच फोन. त्याच्या शेजारी मी. माझ्या शेजारी, पुढे पुढे, डॉक्टर. नातेवाइकांचे ते मेसेजवाले ग्रुप वर, अगदी लांब, खिडकीपाशी.

"तिकडे का गो टाकलंस त्यांना?"

"ते बरे झालेले पेशंट. त्यांना काही होत नाही, नुसते ओरडतात."

काही वर्षांनी फोन इतका जुना झाला की ते मेसेजचं अॅप त्याच्यावर चालेनासंच झालं. सगळ्यांनी हळहळ केली. सिस्टर म्हणाली, "झाले डिस्चार्ज. बरं झालं."

मागे चित्र कसलंच नाही, नुसता काळा रंग. मिलिंदने नातीचा फोटो लावून दिला होता, तो हिने दोन दिवसांत काढला. म्हणाली, "पोरीच्या तोंडावर औषधाच्या बाटल्या मांडल्यासारखं दिसतंय." अक्षरं पिवळी आणि एवढाली मोठी, की समोरच्या गॅलरीतल्या माणसाला वाचता यावीत. आधी माझ्या शेजारच्या जागेवर तिचे मिस्टर होते. गायकवाड पोस्टात होते, अतिशय अबोल माणूस. ते गेले तेव्हा पंधरा दिवसांनी बघते तर तिथे बॅटरीचं चित्र. उजेड पाडायची बॅटरी.

"अगो, लगेच?"

"वॉर्डात बेड रिकामा ठेवत नाहीत, पुष्पा. माणूस गेलं की त्याचं तोंड पुसायचं, हात सरळ करायचे, आणि चादर बदलायची. रिकामा बेड बघून बाकीचे पेशंट घाबरतात." मग म्हणाली, "आणि गायकवाडांच्या जागी उजेड आलाय. त्यांना चाललं असतं." डॉक्टर तिथे आले ते फार पुढे, तेव्हा बॅटरी वर सरकली.

डॉक्टर आले ते डोळ्यांचे. तिच्या डोळ्यांतला मधला पडदा झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं जायचं. तिने मला समजावलं ते असं, "तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागी राखेचा गोळा दिसतो. तुझ्या कानाकडे बघितलं तर तू दिसतेस." तेव्हापासून ती सगळ्यांच्या कानांकडे बघून बोलायची. नवीन भाडेकरूंना वाटायचं, बाई फार गर्विष्ठ आहे, तोंडाकडे बघत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबवता येईल तेवढं थांबवू, मागे नेता येणार नाही. तिने ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर भाजी निवडायला बसली. मेथी निवडताना बोटांकडे बघत नव्हती. "हाताला सांगून ठेवलं की झालं," हे तिचं आवडतं वाक्य. वॉर्डात नवीन पोरींनाही हेच शिकवायची म्हणे. डोळे मिटून इंजेक्शनचा ट्रे लावायचा. काय कुठे आहे ते हाताला माहीत पाहिजे, डोळ्याला वेळ नसतो.

तर आता फोनही हाताला सांगायचा होता. घरात ती हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी होती, सलाइनची सुई धरून ठेवतात ती. तिच्या बारीक बारीक पट्ट्या कापून तिने फोनच्या कडेला चिकटवल्या. खालच्या कडेला चार, म्हणजे चार रांगा. उजव्या कडेला एकाखाली एक. अंगठा कडेवरून सरकवायचा, पट्टी लागली की आत वळायचं, दाबायचं. बघायचं नाहीच. आणि कोण फोन करतंय हे वाचता येत नाही ना, म्हणून प्रत्येकाला वेगळा आवाज. फोनमधल्या पिपाण्या नकोत. तिने स्वतः आवाज भरून घेतले. मिलिंदला आमच्या कुकरची शिट्टी. लातूरच्या नणंदेला कोंबडी. ती कोंबडी मी काढली होती, तोंडाने. माझ्यासाठी माझाच आवाज. "ओरड गं," म्हणाली, मी ओरडले. "सिस्टर, दार उघड गो! मासळीवाली इली!"

ह्या ओरडण्याने एकदा वाट लावली. बुद्धपौर्णिमेला ती विहारात गेलेली. वंदना चाललेली, सगळे हात जोडून बसलेले. मला काय सुचलं कोण जाणे, मी घरून फोन केला की खिरीला साखर आहे की गूळ आणू. आणि त्या शांततेत पांढऱ्या साडीतल्या सिस्टरच्या पिशवीतून माझा आवाज, "दार उघड गो! मासळीवाली इली!" एकदा नाही, तीनदा. भंतेजी थांबले. म्हणाले, "बाई, आधी दार उघडा. आम्ही थांबतो." ती परत आल्यावर मला वाटलं आता माझी कानउघाडणी. ती म्हणाली, "गूळ."

फोनचं पोट फुगायचं, म्हणजे बॅटरी. मग आम्ही दोघी रिक्षाने साकीनाक्याला जायचो. तिथे वर्कशॉपांच्या गल्लीच्या तोंडाशी इर्शादभाईची टपरी. तो दर वेळी म्हणायचा, "सिस्टरजी, ये मॉडल का अब कुछ नहीं मिलता. नया लेलो ना." आणि दर वेळी कुठून तरी बॅटरी पैदा करायचा. ती फोन त्याच्या हातात द्यायची, पण सोडायची नाही. "पाठ उघडायची, बॅटरी बदलायची. काचेकडे बोट न्यायचं नाही."

"नहीं नेणार, सिस्टरजी." त्याचं मराठी एवढंच.

आता मुख्य गोष्ट. मिलिंद वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते. आईचे डोळे चाललेत आणि आई मुंबईत एकटी, हे त्याला झोप येऊ देत नव्हतं. पुण्यात त्याने मोठं घर घेतलं, त्यात आईची खोली केली. तिला जायचं नव्हतं. भांडण नव्हतं सुनेशी, काही नाही. तिचं म्हणणं साधं होतं. या घरात पातेली कुठे, मोरीची पायरी कुठे, मीठ कुठे, सगळं हाताला माहीत आहे. तिकडे गेले तर मी आंधळी. इथे आहे तोवर मी नुसती कमी दिसणारी बाई.

मग मायलेकांत ठराव झाला. रोज सकाळी चहा झाला की तिने मिलिंदला फोन करायचा. तो ऑफिसला निघायच्या आत. जास्त काही बोलायचं नाही. ती म्हणणार, "चहा झाला." तो म्हणणार, "झाला." बस. पण ज्या दिवशी हा फोन येणार नाही, त्या दिवशी तो येऊन तिला घेऊन जाणार आणि त्यावर बोलणं नाही. तिने मान्य केलं. म्हणजे बघा, तिचं ते घर, गॅलरी, मी, सगळं त्या काळ्या फोनच्या उजव्या कोपऱ्यावर टांगलेलं होतं. आणि तो कोपरा कधी चुकला नाही.

चुकला तो मिलिंदच्याच मायेने. एप्रिलमध्ये जयंतीला तो आला होता. दुपारी आई जरा आडवी झाली होती. त्याने फोन हातात घेतला. बिचाऱ्याला वाटलं, केवढा मळलाय, किती हळू चालतोय. त्याने फोन आतून पार धुऊन काढला, दुकानातून आणल्यासारखा. मग त्यात म्हाताऱ्या माणसांसाठी एक सोपी मांडणी असते, मोठमोठे चौकोन, ती लावून दिली. त्या पांढऱ्या पट्ट्या आता काळ्या पडलेल्या, त्या नखाने खरवडून काढल्या आणि वर छान गुळगुळीत कव्हर घातलं. सगळं करून टेबलावर ठेवलं. निघताना म्हणाला, "आई, फोन मस्त सोपा करून ठेवलाय." ती झोपेतून उठलेली, हो हो म्हणाली. तो संध्याकाळच्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोंबील साफ करत होते. माझा फोन वाजला, मिलिंद. "मावशी, आई फोन उचलत नाहीये. मी चार वेळा केला. जरा बघता का?" आवाज असा, की मी हात न धुताच पळाले. सिस्टरने दार उघडलं. धडधाकट. ओट्यावर चहाचा कप, तिच्या हातात फोन, आणि तोंडावर जे होतं ते मी तिच्या मिस्टरांच्या वेळीही बघितलं नव्हतं.

"पुष्पा," ती म्हणाली, "वॉर्डात कुणीतरी बेड फिरवलेत गं."

ती उजवा कोपरा दाबत होती आणि तिथे आता कॅमेरा आला होता. फोनने तिच्या हनुवटीचे फोटो काढून ठेवले होते, ढीगभर. मिलिंदने फोन केले तेव्हा कुकरची शिट्टी नव्हती, कंपनीची कुठली तरी पिपाणी. तिला वाटलं, कर्जवाल्यांचा असेल. अनोळखी वाजलं की ती कधी उचलायची नाही. त्यानेच सांगून ठेवलं होतं तसं.

मी माझ्या फोनवरून मिलिंदला सांगितलं की आई बरी आहे. पण तो दुपारपर्यंत दारात हजर. शनिवार होता. पाठोपाठ मी पण गेले, मला कोण थांबवणार?

"आई, सामान भर," तो म्हणाला. बूटसुद्धा काढले नव्हते.

"कुणाचं?"

"आई, प्लीज. ठरलं होतं आपलं. फोन आला नाही."

"फोन मी करत होते. तू बेड हलवलेस."

"मी सोपं करून दिलं तुला!"

"तुझ्या डोळ्यांना सोपं." मग तिचा आवाज चढला. "काय करायलास रे तू? माझ्या वॉर्डात डीनसाहेब यायचे ना राउंडला, तेसुद्धा विचारून खुर्ची सरकवायचे. आणि तू मी झोपलेली असताना अख्खा वॉर्ड उलटापालटा केलास!"

मिलिंद खाली बसला. पोरगा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "सकाळी तू उचलला नाहीस ना, तेव्हा काय काय डोक्यात आलं, तुला नाही कळणार. आज कॅमेरा आला. उद्या तो फोन बंद पडेल. तुला एकटीला काय झालं तर?"

तो बरोबर बोलत होता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिने हात पुढे करून त्याचं मनगट शोधलं. धरून बसली. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत दे मला. वॉर्ड परत लावते. तू इथेच थांब आणि बघ. नाही जमलं, तर मी स्वतः बॅग भरते. पुष्पा साक्षीदार."

मी मनात म्हटलं, माझ्यावर कशाला टाकतेस गो बाई.

रविवारी सकाळपासून दोघं मायलेक गॅलरीत. तिची अट, "तू फक्त वाच. हात लावायचा नाही." तो वाचायचा, "हे घड्याळ. हे कॅलेंडर. हा मी." आणि ती उचलायची. चित्र जागेवरून हलवायला बोट दाबून धरावं लागतं ना, मग ते सुटं होतं. मिलिंद घाई करायचा, "आई, सोड, सोड, झालं." ती म्हणायची, "पेशंट उचलताना आधी खाली हात नीट जाऊ द्यायचा. त्याला कळू द्यायचं की आपण उचलतोय. मग सरकवायचा. झटका नाही द्यायचा." आणि खरंच, तिचं बोट टेकलेलं राहायचं, चित्र थरथरायचं, मग ती अलगद त्याला खाली कोपऱ्यात नेऊन ठेवायची. थोड्या वेळाने बघते तर मिलिंदची घाई गेलेली. तो नुसता तिच्या बोटाकडे बघत होता. पट्ट्या मात्र तिने त्याच्याकडून कापून घेतल्या. माझी कोंबडी परत काढावी लागली. कुकरची शिट्टी भरायची वेळ आली तेव्हा मिलिंद म्हणाला, "शिट्टी नको आई." फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाला, "आई, मी आहे." तोच आवाज राहिला मग, शेवटपर्यंत.

संध्याकाळी तिने हँडओव्हर दिला. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला बेडबेड फिरून सांगते, या पेशंटचं हे, त्या पेशंटचं ते, त्याला म्हणतात हँडओव्हर. तिने डोळे मिटले, फोन हातात धरला, पाठ ताठ. "खाली उजवीकडे मिलिंद गायकवाड, सिरियस, काळजी करतो फार, सकाळी एकदा बघायचा. शेजारी पुष्पा राणे, स्टेबल, बडबड आहे. शेजारी डॉक्टर." असं करत वरपर्यंत. एकेक नाव घेतलं की तिथे अंगठा. एक चुकलं नाही. मग डोळे न उघडताच फोन मिलिंदकडे दिला. "आता तू. डोळे मिट. मला मिलिंद लावून दाखव."

त्याने डोळे मिटले, कडेवरून अंगठा सरकवला, दाबला. त्याचा फोन गप्प. समोर माझ्या घरात, ओट्यावर ठेवलेला माझा फोन कोकलायला लागला.

"एक बेड चुकलास," सिस्टर म्हणाली. "होतं नवीन माणसाचं."

तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच गेला. पुढच्या खेपेला नवा फोन घेऊन आला, भारीतला. तिने तो घेतला, नाही म्हटलं नाही. साड्यांच्या घडीखाली ठेवला. "काळा गेला की हा. तोवर याला रजा."

काळा गेलाच नाही. दोन वर्षं रोज "चहा झाला" आणि "झाला". समोरच्या उघड्या दारातून ऐकू यायचं मला. त्यावर मी माझ्या दुधाखालचा गॅस पेटवायचे.

मग तो दिवस. सकाळी तिनेच माझं दार वाजवलं. नेसलेली साडी स्वच्छ, पदर पिन केलेला, हातात पिशवी. स्वतःची नाडी धरून उभी. "पुष्पा, टॅक्सी बोलाव. घाई नाही, पण उशीरही नको." घाम आला होता तिला. मी टॅक्सी आणली. ती टॅक्सीत बसल्यावर मिलिंदला फोन केला, अंगठ्याने, खिडकीबाहेर बघत. "चहा झाला. आता ऐक. मी अॅडमिट होतेय, आपल्याच हॉस्पिटलात. छातीत आहे. तू गाडी सावकाश चालव."

आपल्याच हॉस्पिटलात म्हणजे तिच्या. तिला ओळखणारं आता तिथे जवळपास कुणी नव्हतं, सगळ्या नवीन पोरी. तपासलं, कसल्या कसल्या वायरी लावल्या, आणि तिला ट्रॉलीवर घेऊन वॉर्डाच्या दाराशी आणलं. मी सोबत चालत होते. एक तरणी सिस्टर आली, कागद बघितले. सिस्टरने तिच्या कानाकडे बघून विचारलं, "बाळ, बेड कुठे दिलास?"

"टेबलाजवळच आहे हो मावशी. आमच्या समोरच. काळजी करू नका."

ती पोरगी धीर द्यायला म्हणाली. तिला काय ठाऊक. मला मात्र तो नियम पाठ होता. सिस्टरने मान हलवली. तोंडावर काही नाही. "बरोबर आहे," म्हणाली. "चादरीचे कोपरे नीट घालतेस ना?" ती पोरगी हसली.

मग तिने माझा हात शोधला. मला वाटलं धीरासाठी धरतेय. बोटं बरोबर नाडीवर गेली. "तुझीच पळतेय," म्हणाली. आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून तो काळा फोन काढून माझ्या हातात ठेवला. "आत नको. वॉर्डात पेशंटचं सामान हरवतं. हँडओव्हर घे."

"अगो, आता कसला हँडओव्हर!"

"घे म्हणते ना. मिलिंद येईपर्यंत ड्युटी तुझी. खाली उजवीकडे तो. रस्त्यात आहे. दर तासाने त्याला फोन कर, नाहीतर गाडी पळवेल."

मला रडू यायला लागलं होतं. मी फोन डोळ्यांजवळ नेला, पिवळी अक्षरं सगळी एकात एक मिसळलेली. "मला दिसत नाहीये गो काही."

"बघू नकोस," ती म्हणाली. "बघितलं की चुकतं. पट्टीला लाव."

ट्रॉली आत गेली. मधल्या वाटेने गेली, दोन्हीकडे बेड, शेवटी डावीकडे टेबल. दार सावकाश बंद होत होतं, तोवर मला दिसत राहिली. डोळे वर छताकडे होते. रिकामा उजवा हात चादरीवर पडलेला, आणि त्याचा अंगठा कडेवरून सरकत होता, खाली, कोपऱ्यापर्यंत. तिथे तो थांबला आणि दाबला गेला.

मी दाराकडे पाठ केली आणि अंगठा पट्टीला लावला. पहिल्या वेळेलाच लागला. पलीकडून मिलिंद म्हणाला, "बोल आई."